शिंपले गल्लीच्या विहिरीत

४ मार्च १९७३, रविवार

गोधड्या धुवायला तळ्यावर गेले. विहिरीचं पाणी आता फक्त पिण्यापुरतं, असा गल्लीचा ठराव. तळं म्हणजे तरी काय, मधे थोडं गढूळ पाणी आणि भोवती भेगा पडलेला गाळ.

सरजाबाई भोईण गुडघाभर चिखलात बसून हातांनी गाळ चाचपत होती. टोपल्यात तळहाताएवढे काळे चपटे दगड. निदान मला ते दगड वाटले. "काय काढता?" विचारलं तर म्हणाली, "शिपल्या होत जी. मच्छी त कवाचीच सरली. आता यायच्यावरच हाय."

माझ्यासमोर एक विळ्यानं उघडली. आत मांस. पिवळट, ओलं, आणि विळा लागताच आक्रसलं. मी पाहिलं ते. आक्रसलं.

तिने अंगठा आत फिरवला आणि हसत हात पुढे केला. मोती. ज्वारीच्या दाण्याएवढा, एका बाजूनं चपटा.

"पाहा जी, तुमच्या नथीत असते तसाच. नशीब लागते. टोपलेच्या टोपले फोडा, एखांद्यात भेटते. नाई भेटला तरी भाजी त हायच."

गोधड्या अर्ध्याच धुऊन घरी आले. सगळा दिवस हातांना चिखलाचा वास.

५ मार्च, सोमवार

आई सांगायची, स्वाती नक्षत्रात पाऊस आला की शिंपला तोंड उघडतो, थेंब आत पडतो आणि त्याचा मोती होतो. म्हणजे मोती हे पाणीच. चोवीस वर्षांची होईपर्यंत मी हे खरं धरून चालले.

आणि जैन पाठशाळेत घोकलं होतं ते वेगळंच. दोन इंद्रियांचे जीव कोणते? शंख, शिंपला, अळी, जळू. त्या परीक्षेत पहिली आले होते, बक्षिसाची पितळी वाटी अजून आहे. एकाच डोक्यात दोन्ही गोष्टी, आणि इतक्या वर्षांत एकमेकींना भेटल्या नाहीत.

नथीत नऊ मोती. माहेरची, कारंज्याच्या सोनाराची. पेटीतून काढली, पुन्हा ठेवली. ठेवताना पदरात धरून ठेवली, बोटं लावायचा धीर होईना.

७ मार्च, बुध.

सासूबाईंना सांगायला गेले. (वही कुणाच्या हाती लागली तर घोटाळा. पुढे नुसतं 'सा.' लिहिणार.) सा. पित्ताचं भस्म सायीतून चाटत होत्या. सहा वर्षं रोज सकाळी चाटतात, मीच पुडी सोडून देते. आज प्रथमच विचारलं, हे भस्म कशाचं?

"मोत्याचं व माय. लय थंड असते."

ज्या बाई बटाटा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट घेत नाहीत. मुंगी चिरडली तर उपास करतात.

 पुडीचा कागद चुलीत टाकला. 

दुपारी सरजाबाई मागच्या दारी कोंडा मागायला आली. तिला विचारलं, बारके वाकडे मोती निघतात त्यांचं काय करता. म्हणाली, रिसोडच्या बाजारात एक वैद घेतो, "औषिद करते म्हने."

म्हणजे आमच्याच तळ्यातले असतील. कोण जाणे.

८ मार्च, गुरु.

ठरवलं. आपल्यात कसायाकडून बकरे सोडवतात, कोळ्याच्या जाळ्यातले मासे सोडवतात, तर शिंपल्यांनीच काय घोडं मारलं?

सरजाबाईला म्हटलं, "सगळ्या मला द्या. पण जिवंत."

"तुमी खासान?" आणि हसता हसता खालीच बसली. "माफ करजा जी. पन तुमाले जमनार नाई. दोन दिवस साध्या पान्यात ठेवा लागते, माती ओकते थे. मंग उकळत्या पान्यात टाकली का उघडते. जे उघडत नाई थे फेका, आंधीच मेलेली असते, खाल्ली त पोट धरून बसता. लसून मिरची घालून शिजोली तरी रबरावानी चिवट, अन चिखलाचा वास काही जात नाई. मच्छीची चव कुठी? पन पोटाले आधार होते."

खायच्या नाहीत, सोडायच्या आहेत, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

"कुठी सोडता? तलावात सोडल्या त मी उद्या पुन्हा काढीन. मले त पोट हाय ना."

बरोबर आहे तिचं. तेव्हा विहीर सुचली. आमच्या दारासमोरची, गल्लीची. खोल, सावलीची, कितीही दुष्काळ पडो, अजून आटली नाही. आणि भोयांना तिथे पाण्याची मनाई, म्हणजे पुन्हा कुणी काढणार नाही. ही मनाई मला कधी आवडली नव्हती, आज सोयीची वाटली. लिहून ठेवते, कारण खरं आहे.

टोपल्यामागे एक शेर ज्वारी द्यायची. आणायची कुठून? कोठीत सा. दाण्यांवर पंजाचा ठसा उमटवून ठेवतात, मूठभर घेतलं तरी मोडतो. पण रोजचं दळण त्या मोजून देतात ते दळते मी. माझ्या वाटणीचा संध्याकाळचा वाटा जात्यात जाण्याआधी बाजूला काढायचा. एकाशन धरलं, दिवसातून एकदाच जेवते, म्हणून सांगेन.

१२ मार्च, सोम.

पहिलं टोपलं सोडलं. उजाडताना, गल्ली उठायच्या आत. बादलीत भरून खाली नेली, पाण्याला टेकली की दोर हलवून कलती केली. वर पाणी हललं आणि झालं. णमोकार म्हटला. चाळीसच्या वर असतील.

इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. आमचे 'हे' दुकानाला निघताना म्हणाले, "आज काय झालं तुले? गानं म्हनून राह्यली." म्हटलं काही नाही.

सा. नी एकाशनाचं सगळ्या गल्लीत सांगितलं. "माह्या सुनेसारखी सून नाई." शेजारचे आडतवाले काका दारात येऊन हात जोडून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ मार्च, सोम. धुळवड

आज तीन टोपली. सरजाबाईबरोबर तिची जाऊ, आणि आणखी एक बाई जिला मी ओळखत नाही.

"तुमी घेता म्हनून साऱ्याच काढून राह्यल्या जी. ज्वारी भेटते मनल्यावर कोन सोडते."

मी कधी असा विचार केला नव्हता. आठवड्याला एक टोपलं निघायचं तळ्यातून, ते आता रोज तीन. माझ्यामुळे. पण नाही कशी म्हणू? नाही म्हटलं तर ती तिन्ही टोपली आज चुलीवर. समोर ठेवलेलं टोपलं, आतून बारीक चुटचुट आवाज, शिंपले मिटतात त्याचा. घेतली. ज्वारी एकीपुरतीच होती, दुसऱ्या दोघींना माहेरची लुगडी दिली. एक जांभळं, एक नारळी काठाचं.

सरजाबाई लुगड्याकडे पाहून म्हणाली, "बाई, तुमाले येड लागलं का?" प्रेमानेच म्हणाली.

२६ मार्च, सोम.

रोज. आता मोजत नाही. ज्वारी पुरत नाही तिथे माहेरची लुगडी जातात. चक्कर येते, पण ती ऊन आणि एकाशन यांमुळे.

नथ घातली नाही म्हणून सा. दोनदा बोलल्या. सवाशिणीचं नाक रिकामं कायले, म्हणून.

४ एप्रिल, पाडवा

विहिरीची आणखी एक पायरी उघडी पडली. दोर कमी पडतो म्हणून यांनी नवा आणून बांधला. मी वरून वाकून पाहिलं. काळं पाणी. खाली ते सगळे बसले असतील, मजेत, असं मनाशी म्हटलं.

१७ एप्रिल, मंगळ.

जयंती झाली. त्या दिवशी पहाटे पाच टोपली सोडली, एका दिवसातली सर्वांत जास्त. मनात होतं, महावीरांना यापेक्षा काय आवडेल.

आज सरजाबाई रिकाम्या हाताने आली. टोपलं पालथं करून त्यावर बसली.

"सरल्या जी."

"काय सरलं?"

"शिपल्या. काल दिवसभर तिघी गाळात हात घालून होतो. एक नाई लागली. बारक्या बी काढल्या होत्या ना, तुमी घेतच होता."

मला कळेना ती काय सांगते आहे. म्हटलं, पुन्हा होतील. म्हणाली, "बीज ठेवलं असतं त झाल्या असत्या. आमी खात होतो तवा मोठ्या मोठ्या घेत होतो, बारक्या ठेवत होतो. आमच्या आज्यापासून चालत होतं थे."

मग विचारलं, आता तुम्ही काय खाल? म्हणाली, "पाहू ना." आणि उठून गेली, ज्वारी न मागता.

दिवसभर हेच डोक्यात. तळ्यात आता एकही नाही. खाणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऊन जे संपवलं नाही ते मी दया करून पाच आठवड्यांत संपवलं. विहिरीत तरी आहेत. विहिरीत आहेत.

२० एप्रिल, शुक्र.

पाण्याला वास.

सा. म्हणाल्या कळशीचा असेल, चिंचेने घासून घे. घासली. कळशीचा नाही.

२१ एप्रिल, शनि.

सगळ्या गल्लीला वास आला. पाण्यावर पांढरट फेस. समोरच्या घरातली दोघंजण रात्रीपासून ओकताहेत. गाळून, उकळून, तुरटी फिरवून पाहिलं, प्यायला घशाखाली उतरत नाही.

दुपारी आडतवाल्या काकांच्या बादलीत शिंपला आला. उघडा. आत जे होतं त्याचं वर्णन करत नाही. ते तिथेच विहिरीच्या काठावर बादली टाकून मागे सरले.

मेले. सगळे मेले की काही? खाली गाळ नाही, नुसता खडक आणि थंडगार पाणी. त्यांना तिथे खायला काय होतं? मी एकदाही विचारलं नव्हतं, ना त्यांना ना कुणाला.  

२२ एप्रिल, रवि.

देवळाच्या ओट्यावर गल्लीची बैठक. मी देवळाच्या आतून ऐकत होते. काका बोलत होते.

"शिपल्या खाते कोन? भोई. आपल्या गल्लीत एक तरी मानूस हात लावते का? भोयायचंच काम हाय हे. त्यायले पान्याची मनाई हाय, त्याचा सूड काढला."

मी दारापर्यंत गेले. तिथेच थांबले. कुणी एकाने म्हटलं, सरजी भोईण हल्ली पहाटेची या गल्लीत दिसते. "झालं मंग," काका म्हणाले.

ठराव: भोयांनी विहीर साफ करून द्यायची, मजुरी न घेता. आणि गल्लीतल्या एकाही दुकानात त्यांना सौदा द्यायचा नाही. मीठ नाही, मिरची नाही, रॉकेल नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि चोर दाराआड पदर तोंडात धरून उभा.

२३ एप्रिल, सोम.

यांना सांगितलं. सगळं. पहिल्या मोत्यापासून.

ऐकताना हे जेवत होते, घास हातातच राहिला.  मग, "कोनाले सांगतलं?"

कुणालाच नाही.

"मंग सांगू बी नोको. आबानं, माह्या आज्यानं, गल्लीसाठी बांधलेली विहीर होय ते. आपल्या घरानं नासोली मनतीन. बहिनीचं लगन हाय वैशाखात, कोन येईन सोयरीक टिकवाले?"

म्हटलं, आणि भोई?

"थे काढतीन साफ करून. दोन दिवसाचं काम हाय. तू कायले मंधात पडतं?"

वाईट माणूस नाही. कुणाला फसवून एक वार कापड कमी मोजलेलं नाही यांनी. पण ताट पुढे सरकवून हात धुतले आणि दुकानात गेले. मला वाटलं होतं, ओरडतील.

२५ एप्रिल, बुध.

सरजाबाईचा नवरा कचरू आणि त्यांचा पुतण्या विहिरीत उतरले. तोंडाला फडकी. खालून टोपली वर येत होती, काठावर पालथी होत होती. काळ्या शिंपल्यांचा ढीग, सगळे आ वासलेले. वास इतका की सा. नी कापूर जाळला.

सरजाबाई बाजूला उभी होती. एकदा तिने आमच्या खिडकीकडे पाहिलं. मी दिसले तिला. पाहिलं आणि मान वळवली. ती एक शब्द बोलली असती तर मी सुटले असते.

ढीग माझ्या कमरेएवढा.

२६ एप्रिल, गुरु.



सकाळी कचरू ढिगातले शिंपले गोणीत भरत होता. एकातून काहीतरी टणकन दगडावर पडलं. त्याने उचलून पुसलं. चांगला वाटोळा, हरभऱ्याएवढा. त्याने ते मुठीत लपवलं नाही, काकांना दाखवलं. "शेटजी, मोती निंगाला."

काका चार पावलं पुढे आले. पाच दिवसांपूर्वी इथेच बादली टाकून मागे सरले होते.

मग काय झालं ते मी खिडकीतून पाहिलं, डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. गल्लीतले पुरुष, ज्यांना लहानपणापासून ओळखतात सगळे, रोज अभिषेकाला जाणारे, कुणी धोतराचा सोगा नाकाला बांधला, कुणी काडी घेतली, कुणी चिमटा. आणि बसले ढिगाभोवती. एकेक शिंपला काडीने उकरायचा, आतलं सडलेलं बाजूला करायचं, पाहायचं, फेकायचं. पुढे पुढे काड्याही टाकल्या, बोटांनी. कुणाला काही निघालं की सगळे माना वर करायचे. आमचे हेसुद्धा. शर्टाच्या बाह्या वर करून.

काका कचरूला म्हणाले, "विहीर आमची, मोती आमचे. तू उतर खाली, अजून असन."

दुपारपर्यंत अकरा. एक मोठा, दोन मध्यम, बाकी खसखशीहून जरा मोठे म्हणावेत असे. एवढ्या ढिगातून. मोठा देवळाच्या कामासाठी काकांजवळ ठेवला.

बारक्यांतले चार सा. नी मागून घेतले, वैदाकडे पाठवायला. मी म्हटलं, "आई, ते जीवातून निघालेत." म्हणाल्या, "मेलेलेच होते ना व? आपन थोडेच मारले."

मी न्हाणीत जाऊन बसले, दार लावून.

२९ एप्रिल, रवि.

सांगितलं. सगळ्यांसमोर.

बैठक सुटत होती तेव्हा ओट्याखाली जाऊन उभी राहिले. पदर नीट घेतला होता, आवाज मात्र नीट नव्हता. म्हटलं, "शिंपले मी टाकले. सरजाबाईकडून ज्वारी देऊन घेतले आणि जीवदया म्हणून विहिरीत सोडले. भोयांचा काही दोष नाही."

 यांनी खाली पाहिलं. मग काकांनी हात जोडले. मला.

"पाहा. याले म्हन्ते दया. गरिबायले वाचवाले स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यली सूनबाई."

माना डोलल्या. एकाचे तर डोळे भरले.

मी म्हटलं, काका, खरंच मी. माझी ज्वारी, माझी लुगडी. ते म्हणाले, "बरं बरं. महिना झाला एकाशन चालू हाय तुहं, अंगात तरान नाई. जा घरी."

मी हट्ट धरला तेव्हा सरजाबाईला बोलावणं गेलं. आली, लांब उभी राहिली. काकांनी विचारलं, "या बाईनं तुह्याकडून शिपल्या घेतल्या का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांग म्हणून. पुन्हा हलवली.

"नाई जी. थ्या कायले घेतीन?"

मला खाली बसावं लागलं. लोकांना वाटलं एकाशनाची चक्कर. हे धरून घरी घेऊन आले. सा. नी कधी नव्हे ते भातावर दोन चमचे तूप वाढलं.

सौदा बंदच. माझ्या दयेची मात्र गल्लीभर वाहवा.

१ मे, मंगळ.

मागच्या दारी सरजाबाई. मी काही विचारायच्या आत तीच बोलली.

"हो मनलं असतं त काय झालं असतं? मनले असते, सरजीनं भोळ्या बाईले फसोलं, ज्वारी लुबाडली, लुगडे लुबाडले. मंग कचरूले मारलं असतं. तुमाले माफ होते जी. आमाले नाई होत."

जावेला दिलेलं लुगडं परत आणलं होतं, नारळी काठाचं. नको म्हटलं. ठेवून गेली.

३ मे, गुरु.

कबूल करायला इतका धीर गोळा केला, आणि ते कुणाला नकोच होतं. हे माझ्याशी गोडीने वागतात आता, जणू मी आजारातून उठले. यांना माहीत आहे खरं काय ते. काल म्हटलं, तुम्ही तरी काकांना सांगा. म्हणाले, "तूनं सांगतलं ना? त्यायनं आयकलं नाई. आता माहं काय चुकलं?"

 

आज सा. च्या सायीत मी भस्म घातलं नाही. नुसती साय दिली. पित्ताला बरं वाटलं म्हणाल्या.

६ मे, रवि.

विहीर उपसून कोरडी केली, चुना टाकला, तरी झरा येतो तो वासाचा. पावसाळ्यापर्यंत धरू नका असं सगळे म्हणतात. तळ्याच्या मधोमध भोयांनी झिरा खणला आहे, कंबरभर खड्डा, तळाशी गार पाणी साचतं. गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका आता तिथे जातो. ज्यांना मीठ देत नाही त्यांच्या खड्ड्यातलं पाणी. ठरावात याबद्दल काही नाही.

सरजाबाई झिऱ्यात उतरून वाटीवाटीने भरून देते. माझ्या आधी काकांची सून होती, तिची घागरही तिनेच भरली. विचारलं, "आज काय शिजवलं?" म्हणाली, "दुष्काळाच्या कामावर सुकडी भेटते खायले. एक येळ होते." अंग वाळलं आहे तिचं. मी पदराखाली मिठाची पुडी नेली होती ती तिच्या हातात दिली, तिने न पाहता कमरेला खोचली.

माझ्या घागरीवर गाळणं धरून पाणी गाळलं. मग गाळणं उलटं केलं आणि त्यात जे अडकलं असेल ते वाटीभर पाण्याने हळू झिऱ्यातच परत सोडलं. हाताची सवय, सातव्या वर्षापासूनची. दिवसातून दोनदा, एक दिवस चुकलेला नाही.

सरजाबाई पाहत होती. "हे काय करता जी?"

सांगायला लागले. पाण्यात बारीक जीव असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. गाळून फेकले तर मरतात. म्हणून ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. नदीचे नदीत, विहिरीचे विहिरीत. दुसरं पाणी त्यांना सोसत नाही.

शेवटचं वाक्य बोलले आणि गाळण्याची घडी घातली.

तिने घागर उचलायला हात दिला, डोक्यावर नीट बसवून दिली. मग म्हणाली, "मंग थे त तुमाले पयलेच माईत होतं."

रागाने म्हणाली नाही. राग असता तर मी काहीतरी बोलले असते. मागे बायका खोळंबल्या होत्या, ती पुढच्या घागरीसाठी वाकली आणि मी निघाले. संध्याकाळी पुन्हा जायचं आहे, दुसरीकडे पाणी नाही.